आमची वाटचाल: जाळीच्या मागचं काम

सुरुवातीला आमचा धंदा बिघाडावरच चालायचा. स्वयंपाकघरातल्या चिमणीची मोटर बंद पडली किंवा तेल टपकायला लागलं, की फोन यायचा. आम्ही मशीन खोलून साफ करायचो आणि पुढच्या घरी पळायचो. कामाला तोटा नव्हता. पण काही घरांतून तीच तक्रार पुन्हा पुन्हा यायला लागली, तेव्हा कळलं की लोक चिमणी धुऊन घेतात, तपासून घेत नाहीत.

एका घरची जाळी आरशासारखी लखलखीत होती. बाई दर आठवड्याला घासायच्या. तरी धूर घरभर. मशीन पूर्ण वेगावर ठेवून जाळीखाली कागद धरला, तर तो चिकटण्याऐवजी खाली पडला. धूर बाहेर नेणारा पाइप, म्हणजे डक्ट, उतरवला, तेव्हा भिंतीबाहेरच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं निघालं, आणि उलटी हवा अडवणारी झडप मेणचट तेलाने अर्धवट मिटून बसलेली. अशा वेळी जाळी कितीही घासा, काय उपयोग?

तेव्हापासून आम्ही ठरावीक मुदतीने जाऊन तपासणीच आधी करतो. बॅफल फिल्टरमध्ये, म्हणजे वाकवलेल्या पत्र्यांच्या जाळीत, धुराला वळणं घ्यावी लागतात. तेलाचे जड थेंब वळत नाहीत, पत्र्यावर आपटून चिकटतात. पण सगळेच थेंब तिथे अडत नाहीत. उरलेले ब्लोअरच्या, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर आणि डक्टमध्ये जाऊन बसतात. पात्यांवर थर कमीजास्त झाला की तोल जातो, मशीन थरथरतं, बेअरिंग झिजतं. मोटर नुसती गुणगुणते आणि वेग घेत नाही, तेव्हा बऱ्याचदा दोष मोटरला फिरायला जोर देणाऱ्या कॅपॅसिटरचा असतो. अशा वेळी ‘मोटरच बदला’ म्हणून सांगणाऱ्यांची मला चीड येते. डक्टमधलं तेल मात्र खरं धोक्याचं: शेगडीवर भडका उडाला आणि ज्वाळा आत ओढली गेली, तर तेच तेल पेट घेतं.

‘आमची ऑटोक्लीन आहे’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. त्यात हीटरने ब्लोअरजवळचं तेल पातळ होऊन वाटीत उतरतं, एवढंच. डक्ट त्यात येत नाही, आणि ती वाटीही कोणीतरी रिकामी करावी लागतेच! ज्या चिमणीला डक्टच नाही, तिचा कोळशाचा फिल्टर सहसा धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो.

‘चालू आहे ना, मग कशाला येताय?’ असं म्हणणारी गिऱ्हाइकं अजूनही आहेत. त्यांना आम्ही उतरवलेला डक्ट दाखवतो. बोलायची गरज उरत नाही. स्टीलची जाळी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने घरीच धुवा, हेही सांगतो. त्यासाठी आमच्या माणसाचे पैसे कशाला? फक्त अॅल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लावू नका, धातू खाल्ला जातो.

हल्ली नवीन घरांत चिमणी बसवण्याआधीच बोलावणं येतं, हे मला सगळ्यात आवडतं. फर्निचरवाला कपाटाआड जागा वाचवायला 6 इंची डक्टच्या जागी 4 इंची पाइप घालतो. हवेची वाट निम्म्याहून कमी होते. त्यात दोन काटकोनी वळणं आली, तर महागातली मोटरही हात टेकते. म्हणून आमची मुलं आता कपाटं लागण्याआधी टेप घेऊन जातात आणि डक्टचं भोक कुठे पाडायचं ते भिंतीवर आखून येतात.