तळमजल्याच्या खाली एक छापखाना आहे

दर सप्टेंबरच्या शेवटी आमच्या कॉलेजात एक सीन ठरलेला असतो. नवीन पोरं-पोरी गळ्यात आयडी कार्ड अडकवून लिफ्टसमोर उभी, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर तो वेलकमचा ईमेल उघडलेला ज्यात चाळीसेक लिंका आहेत. वायफायची लिंक, लायब्ररीची लिंक, डॉक्टरकडे नाव नोंदवायची लिंक, आणि कुठेतरी पार खाली प्रिंट वर्कशॉपची लिंक. ती कुणी उघडत नाही. मीही उघडली नव्हती.

मी लंडनला ग्राफिक डिझाइन शिकते, हे तिसरं वर्ष. ब्लॉग वाचणाऱ्या निम्म्या लोकांना वाटतं मी इथे फक्त थंडीबद्दल तक्रार करते आणि मेथी कुठे मिळते ते शोधते, तर आज जरा कॉलेजबद्दल. कारण गेल्या वर्षीपासून मला कॉलेजातच एक छोटी नोकरी आहे, नव्या विद्यार्थ्यांना प्रिंटिंगच्या सोयी दाखवायच्या, त्या वापरायला लावायच्या. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यातले सहा-सात तास यात जातात, आणि खरं सांगायचं तर हे काम मला मिळालं ते मी पहिल्या वर्षी जो मूर्खपणा केला त्याच्या जोरावर.

झालं असं की पहिल्या टर्मला तीन पोस्टर द्यायची होती, ए टू साइझ. मी काय केलं, पुण्यात डिप्लोमा करताना जे करायचे तेच. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत शिरायचं, काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवायचा आणि म्हणायचं "काका, आर्ट पेपर, १७० जीएसएम, दोन कॉप्या, आणि जरा लवकर हां". काका फाइल उघडणार, एकदा कपाळाला आठ्या घालणार, ब्लीड (कापताना कडेला पांढरं दिसू नये म्हणून चित्र कडेबाहेर थोडं वाढवतात ते) सोडलेला नसेल तर स्वतःच बॅकग्राउंड ताणून घेणार, फॉन्ट उडाला असेल तर विचारणार "हा कुठला टाकलाय गं?" आणि चहा संपायच्या आत प्रिंट हातात. हेच डोक्यात ठेवून मी इथल्या स्टेशनजवळच्या एका प्रिंटच्या दुकानात गेले. तीन पोस्टरचे ५४ पौंड. रुपयात गुणाकार करायचा नाही असं विमानात बसतानाच ठरवलेलं, तरी केला. आणि वर माझा तो झगझगीत नारिंगी रंग छापून आला तो चक्क विटकरी, कारण फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, होती, स्क्रीनवरचा तो नारिंगी सीएमवायकेच्या चार शाईंतून निघूच शकत नाही, आणि दुकानातल्या माणसाने फाइल न बघता जशीच्या तशी मशीनला पाठवली. त्याची पण चूक नाही म्हणा, त्याला कुणी सांगितलंय माझा रंग सांभाळायला.

क्रिटच्या, म्हणजे वर्गासमोर काम मांडून चर्चा करायच्या, दिवशी ट्यूटरने पोस्टर बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "हे तू खाली का नाही छापलंस?"

खाली म्हणजे कुठे हेच मला माहीत नव्हतं.

तर खाली म्हणजे तळमजल्याच्याही खाली, दोन जड फायर डोअर ढकलून, कॅन्टीनच्या मागच्या जिन्याने. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा जो वास आला ना, शाई आणि रॉकेलसारखं काहीतरी, मी तिथेच थांबले. हा वास माझ्या मामाच्या छापखान्याचा. सांगलीला मामाची प्रेस होती, ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, वास्तुशांतीची कार्डं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, वेगळे करायच्या कामाला, म्हणजे कामाला कसले, मस्ती करायला आणि शिव्या खायला. मामाने ट्रेडल कधीच विकली, आता तो फ्लेक्स आणि ऑफसेट करतो, पण तो वास मला लंडनच्या एका तळघरात भेटेल असं वाटलं नव्हतं.

तिथे काय नाही ते विचारा. ए झिरोपर्यंतची पोस्टर काढणारे प्लॉटर, स्क्रीन प्रिंटिंगची टेबलं, लिथोचे दगड, कटिंग मशीन, बाइंडिंगचं सामान, आणि मधोमध एक अल्बियन प्रेस. ही हाताने दांडा ओढून चालवायची लोखंडी प्रेस, १८२० च्या सुमारास लंडनमध्येच निघाली, आणि आमच्याकडची अजून चालते, पहिल्या वर्षाची पोरं तिच्यावर लाकडी टाइपची पोस्टर काढतात. लिथोचे दगड बघून मला आपले गणपत कृष्णाजी आठवले, १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापणारे. शाळेत ते नाव पाठ केलेलं, पण दगडावर छापतात म्हणजे नक्की काय करतात हे कळायला मला इथे यावं लागलं. दगडावर तेलकट क्रेयॉनने काढायचं, दगड ओला करायचा, मग तेलकट शाई फक्त काढलेल्या जागीच चिकटते, ओल्या जागी नाही. एवढंच. आणि तरी पहिला बरा छाप यायला मला तीन दिवस लागले.

तिथले टेक्निशियन साठीच्या आसपासचे, त्यांना मी पहिल्या दिवशी तीनदा "सर" म्हटलं तर ते मागे वळून बघायला लागले की सर कोण आलंय. इथे सगळे पहिल्या नावाने हाक मारतात, मला ते अजून जड जातं, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणते. हे काका आणि अप्पा बळवंत चौकातले काका यांच्यात फरक एकच. इथले काका काहीही काढून देत नाहीत. तुमची फाइल तुम्हीच उघडायची, तुम्हीच चुकायचं, ते शेजारी हाताची घडी घालून उभे आणि विचारणार, "तुला काय वाटतं, काय झालं असेल?" पहिल्यांदा इतका राग आला मला, म्हटलं माहीत असतं तर विचारलं असतं का. नंतर कळलं की हे दुकान नाहीच, हा वर्ग आहे, आणि फी मी आधीच भरलेली आहे. ती पण काय फी, सोडा.

आपल्याकडून आलेल्या मुलांना हेच कळायला वेळ लागतो असं मला वाटतं. आपण फार विचार करतो, मशीन बिघडली तर, कागद वाया गेला तर, आपल्या बोलण्याला ते हसले तर. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत चांगली मशीन कुलपात असते आणि किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला असतो, मग सवयच लागते न विचारायची. नाशिकची एक मुलगी मागच्या वर्षी मला म्हणाली, "ताई, मी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले, आत सगळे एप्रन घालून होते, मला वाटलं हे फक्त त्यांच्यासाठीच असणार." एप्रन दाराच्या मागे टांगलेले असतात, कुणीही घ्यायचे. पण हे तिला कोण सांगणार, दारावर तर लिहिलंय "इंडक्शनशिवाय प्रवेश नाही", इंडक्शन म्हणजे मशीन वापरायच्या आधीची ओळख.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मी पण सगळे करतात तेच केलं, टूर. वीस-बावीस जणांना खाली नेलं, ही स्क्रीन, हा प्लॉटर, हे इमर्जन्सीचं लाल बटण, केस बांधा, बंद बूट घाला. पाऊण तास. सगळ्यांनी माना डोलावल्या, अल्बियनचे फोटो काढले, आणि पुढच्या महिन्याभरात त्यातलं एक माणूस खाली फिरकलं नाही. म्युझियम बघून आल्यासारखं झालं ते.

मग काकांशी बोलून आम्ही टूर बंद केली. आता मी एका वेळी सहाच जण घेते आणि लिफ्टपासूनच सुरुवात करते. प्रत्येकाला एक ए थ्री कागद आणि काळा पेन. कागदाला घड्या घालायच्या, मध्ये एक काप द्यायचा, की आठ पानांचं ए सिक्स आकाराचं चिटुकलं पुस्तक तयार होतं, स्टेपलर लागत नाही, पिन लागत नाही. आणि त्या पुस्तकात काढायचं काय, तर लिफ्टपासून प्रिंट वर्कशॉपपर्यंतचा रस्ता. कुणी कॅन्टीनमधल्या समोशाची किंमत लिहितं (इथे समोसा मिळतो, पण चटणीचा विषय काढू नका), कुणी फायर डोअरचं चित्र काढून त्याला राक्षसाचे दात लावतं. आधी डमी, म्हणजे कच्चा नमुना, करायला लावते, कारण कागद उलगडल्यावर वरची चार पानं उलटी असतात आणि हे प्रत्येक वेळी निदान दोघं तरी विसरतात. कॉम्प्युटर नाही, फाइल नाही, सीएमवायके नाही. काढलेला कागद थेट रिझोच्या काचेवर ठेवायचा आणि वीस-वीस कॉप्या काढायच्या.

रिझोबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ही जपानी मशीन, १९४६ साली टोकियोत नोबोरु हायामा यांनी सुरू केलेल्या कंपनीची, रिझो हे नाव त्या कंपनीच्या 'रिसो' या नावावरून, आणि रिसो म्हणजे जपानीत आदर्श. बाहेरून झेरॉक्स मशीनच वाटते पण आत काम सायक्लोस्टाइलचं, एका पातळ मास्टरला उष्णतेने बारीक भोकं पडतात, तो मास्टर शाईच्या ड्रमवर गुंडाळला जातो आणि शाई त्या भोकांतून कागदावर. एक ड्रम एक रंग. मास्टर बनवायचा खर्च एकदाच, मग दहा कॉप्या काढा नाहीतर शंभर, म्हणून एक-दोन कॉप्यांसाठी ती परवडत नाही आणि पन्नाससाठी तिच्यासारखी स्वस्त काही नाही. गुलाबी काढून झाला की त्याच कागदावर निळा, दोन्ही एकमेकांवर बसले की जांभळट तिसरा रंग फुकट. लंडनमधली डिझाइनची पोरं या मशीनसाठी जीव टाकतात, झीनच्या, म्हणजे स्वतःच छापलेल्या छोट्या पुस्तिकांच्या, जत्रांमध्ये रिझोचे प्रिंट चांगल्या किमतीला विकले जातात. आणि मी कॉलेजात पहिल्यांदा तिला बघितलं तेव्हा मला एवढंच आठवलं की सांगलीत आमच्या क्लासचे सर गणिताच्या टेस्टचे पेपर याच मशीनवर काढायचे, आणि आमची बोटं काळी व्हायची. बोटं अजूनही काळी होतात. शाई तेलाची, उष्णतेने पक्की होत नाही, त्यामुळे गुळगुळीत आर्ट पेपरवर ती वाळतच नाही, साधा शाई पिणारा कागदच लागतो. हे मी सांगते आणि तरी दर वर्षी कुणीतरी चकचकीत कागद घेऊन येतंच.

तर ही सहा जणांची सहा पुस्तकं, प्रत्येकाच्या वीस, आम्ही लिफ्टशेजारी खोक्यात ठेवून देतो. ईमेलमधली लिंक न उघडणारे लोक ती पुस्तकं मात्र उचलतात. आणि ज्यांनी ती छापली ते परत येतात, सगळे नाही, पण सहातले चार नक्की, कारण आता त्यांना मशीन माहिती, काकांचं नाव माहिती, एप्रन कुठे ते माहिती. नाशिकची ती मुलगी सध्या स्क्रीन प्रिंटिंगला असते, तिच्या हाताला कायम स्क्रीनवर लावायचा हिरवा इमल्शन लागलेला.

पुढच्या वर्षी इकडे यायचा विचार करत असाल तर एकदोन गोष्टी लक्षात असू द्या. इंडक्शन ऑक्टोबरातच उरकून घ्या, सबमिशनच्या आठवड्यात, म्हणजे डिसेंबरात आणि मे महिन्यात, खाली रांग जिन्यापर्यंत येते आणि तेव्हा कुणाला नवीन शिकवायला वेळ नसतो. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड सोडा. प्रिंट करताना फिट टू पेज बंद आहे ना बघा, नाहीतर तुमचा ए थ्री गुपचूप ९७ टक्क्यांचा होऊन येतो आणि पानं जुळत नाहीत. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत.

आणि मराठीत काही करणार असाल तर हे फार महत्त्वाचं, इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करा, देवनागरीची अक्षरं नीट जोडणारी सेटिंग ती. मी केला नव्हता. दुसऱ्या वर्षी मिरजेच्या सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांवर एक झीन केलं, ६० कॉप्या, दोन रंग, रात्री आठपर्यंत थांबून. ट्यूटर खूश, वर्ग खूश, काय सुंदर लिपी म्हणे. कटिंग झाल्यावर मी कव्हर नीट बघितलं तर 'मिरज'ची वेलांटी 'म'ला सोडून 'र'च्या डोक्यावर जाऊन बसलेली, आणि आत तंतुवाद्यातला 'द्य' फुटून 'द'खाली पाय मोडलेला. त्या अख्ख्या इमारतीत ते कळणारी मी एकटी. सोडून दिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मग मामा आठवला, लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' मधला एक अनुस्वार गेला म्हणून पाचशे पत्रिका पुन्हा छापणारा, स्वतःच्या खिशातून. काकांना सांगितलं की भाषा चुकलीय. त्यांनी कारण पण नाही विचारलं, सरळ नवीन मास्टर लावला.

त्यातली एक कॉपी मी मामाला पाठवली. महिन्याने व्हिडिओ कॉल आला, पुस्तक कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलेलं की मला फक्त गुलाबी दिसत होतं.

"कागद बरा हाय," मामा म्हणाला. "पण पोरी, रजिस्टर हललंय की गं तुझं. निळा अर्धा दोरा डावीकडं गेलाय."

मी सांगितलं की रिझोला असं होतंच, दोन रंग थोडे सरकतात, इथे लोकांना तेच आवडतं, मुद्दाम मागतात.

"मुद्दाम?" मामा थोडा वेळ गप्प. मग मामीला हाक मारली, "अगं ऐकलीस का, लंडनात हललेलं मुद्दाम मागत्यात. आपण उगं ट्रेडल विकली."