बिनदारूची जिन घ्यायची तर आधी बाटली उलटी करून वाचा

आधी किमतीचं बोलून टाकू, कारण अल्कोहोल नसलेली जिन आणली असं कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न तोच येतो. हो, महाग असते. दारूवरचा अबकारी कर नाही, परमिटची भानगड नाही, वाइन शॉपच्या जाळीसमोर धक्काबुक्की नाही, तरी भाव बऱ्याचदा आपल्याकडच्या साध्या खऱ्या जिनच्या वरच. आमच्या वहिनी म्हणतात, "अगं एवढ्या पैशात उन्हाळाभराचं कोकम सरबत होईल." होईल की. पण मला रात्री जेवणाआधी सरबत नको असतं, काहीतरी कडू, थंड, घोट घोट घेत बसता येईल असं हवं असतं, ज्याच्यासोबत खारे शेंगदाणे जातील आणि नंतर गाडीही चालवता येईल.

गाडीचं नाशिककरांना वेगळं सांगायला नको. पाहुणे आले की गंगापूर रोडने सुलाच्या वाइनरीला फेरी ठरलेली, थंडीत तर विचारूच नका, आणि परत येताना कुणा एकाला स्टिअरिंग धरावंच लागतं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे "एकच ग्लास घेतलाय" वगैरे चालत नाही. आमच्याकडे ती एक व्यक्ती म्हणजे मी. आणि ड्रायव्हरच्या वाट्याला काय येतं, तर ते निळं सिरप घातलेलं मॉकटेल, वर एक चेरी. त्या मॉकटेलला कंटाळून मी या वाटेला लागले, दुसरं काही उदात्त कारण नाही.

आता मुद्द्याचं. याला खरं तर जिन म्हणायचंच नाही. युरोपात जिन म्हणायला किमान ३७.५ टक्के अल्कोहोल लागतं (आपल्याकडच्या बाटल्यांवर बहुतेक वेळा ४२.८ दिसतं) आणि चव ज्युनिपरची, म्हणजे एका झुडपाच्या मण्यांसारख्या सुगंधी फळांची लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने निकालच दिला की अल्कोहोल नसलेल्या पेयावर 'अल्कोहोल-फ्री जिन' असं लिहिता येणार नाही. मला तो निकाल पटला, कारण त्या नावाखाली काहीही खपतं. गंमत म्हणजे ज्या कंपनीमुळे हे फॅड आलं ती सीडलिप, बेन ब्रॅन्सन नावाच्या इंग्रज माणसाने २०१५ ला काढलेली, तिच्या 'गार्डन १०८' मध्ये मटार, रोजमेरी, थाइम, पुदिना असं सगळं आहे आणि ज्युनिपरच नाही! त्यांनी स्वतः तिला जिन म्हटलं पण नव्हतं, लोकांनीच म्हटलं. २०१९ ला डियाजिओ या बड्या दारू कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. त्याच डियाजिओची टँकरे ०.० मात्र सरळ सरळ जिनच्या वाटेने जाते, त्यांच्या नेहमीच्या जिनमधलेच ज्युनिपर, धने, अँजेलिका (एक सुगंधी मुळी) आणि ज्येष्ठमध.

हे बनवणं अवघड का, ते कळलं की निवडणं सोपं जातं. जिनमध्ये अल्कोहोल फक्त चढायला नसतं. ज्युनिपरचा वास त्याच्या तेलात असतो, ते तेल अल्कोहोलमध्ये छान विरघळतं आणि पाण्यात नाही, त्यामुळे नुसत्या पाण्यावर काम करायचं म्हटलं की वास धरून ठेवायलाच काहीतरी खटपट करावी लागते. दुसरं म्हणजे घशाला लागणारी ती जळजळ, ती गेली की उरतं पातळ सुगंधी पाणी. म्हणून कुणी मिरची टाकतं, कुणी आलं, कुणी मिरी, आणि तोंडात जरा जाडपणा यावा म्हणून ग्लिसरीन किंवा झँथन गम. तिसरं, अल्कोहोल असलं की बाटली वर्षभर कपाटात पडली तरी काही होत नाही, ते नसलं की प्रिझर्वेटिव्ह आणि आंबटपणासाठी सायट्रिक अ‍ॅसिड आलं, आणि उघडल्यावर फ्रिज आला.

म्हणून मी बाटली उलटी करून वाचते. ज्युनिपर लिहिलंय का, आणि झणका द्यायला मिरची-आलं-मिरीपैकी काही आहे का, एवढं दोनच बघते. नुसतं 'नैसर्गिक स्वाद' असं गोलगोल लिहिलं असेल तर ठेवून देते. साखर पुढे पुढे लिहिली असेल तरी ठेवून देते, गोड व्हायला टॉनिक, म्हणजे जिनमध्ये ओततात तो कडूगोड सोडा, आहेच की. एक बाटली मला भेट आली होती, दिसायला काय सुंदर, आणि वास काकडीच्या शॅम्पूसारखा. नाव सांगत नाही. आणि घरी आणल्यावर नुसती पिऊन बघू नका बाबांनो, नुसती यातली जवळपास कुठलीच चांगली लागत नाही, टॉनिकमध्ये घालूनच मत बनवा.

टॉनिकचं प्रमाण मात्र बदलायचं. खऱ्या जिनला लोक एकास तीन करतात, इथे एकास दोन, नाहीतर टॉनिक सगळं खाऊन टाकतं. मी ५० मिलीला १०० मिली घेते. साध्या टॉनिकमध्ये १०० मिलीला आठेक ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० ची अख्खी बाटली ओतली तर चार चमचे साखर पोटात, ते बघून ठरवा, लाइट टॉनिक मिळतं. बर्फ मोठा आणि ग्लास काठोकाठ भरून, दोनचार खडे टाकून कंजूषपणा केला की ते लगेच वितळतात आणि आधीच पातळ असलेलं आणखी पातळ होतं. वर लिंबाची साल पिळायची, रस नाही. आणि माझी स्वतःची भर म्हणजे चार धने बोटांनी चुरडून वरून. धने हा जिनमधला ज्युनिपरच्या खालोखालचा मसाला आहे आणि नाशिकच्या कोथिंबिरीच्या गावात त्यांची काय कमी! सीझनला हिरवी द्राक्षं फ्रीझरमध्ये टाकून ठेवते, ती बर्फाऐवजी नाही, बर्फासोबत.

बाटली घ्यायची नसेल तर घरी पण जमतं, जिन नाही होत पण टॉनिकमध्ये घालायला मस्त. काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर मागा, वैद्य हपुषा म्हणतात, तेच ज्युनिपर. काळपट जांभळे सुकलेले मणी असतात, एक नखाने फोडला की चीडाच्या डिंकासारखा वास हाताला दिवसभर राहतो. एक चमचा हाऊबेर जरा ठेचून, दोन चमचे धने, पाचसहा मिरी, एक वेलदोडा, लिंबाची फक्त वरची साल, यावर पेलाभर कडक गरम पाणी आणि लगेच झाकण, कारण वाफेबरोबर वास निघून जातो. वीस मिनिटांनी फडक्यातून गाळायचं. धने भाजू नका! भाजले की ग्लासात गोडा मसाला. फ्रिजमध्ये दोनतीन दिवसांत संपवा.

गरोदर बायकांनी हाऊबेर घेऊ नये, हे मस्करीत नाही सांगत. बाटलीचंही तसंच, आपल्या नियमात ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्य, म्हणजे त्याच्या आतलं थोडंसं 'नॉन अल्कोहोलिक' मध्येही असू शकतं. ज्यांना अजिबात नको त्यांनी ०.० लिहिलेलंच घ्या. आणि कुणी कष्टाने दारू सोडली असेल तर त्याच्यापुढे हा ग्लास "अरे यात काही नाही" म्हणून नाचवू नका, वास आणि ग्लास पुरे होतो काहींना.

पहिल्यांदाच बघायचं असेल तर मोठी बाटली घेऊच नका. स्वामी नावाच्या कंपनीचं तयार नॉन अल्कोहोलिक जिन अँड टॉनिक मिळतं, ते एक आणून थंड करून प्या, कडवटपणा आवडला तरच पुढे जा. उघडलेली बाटली महिनाभरात संपत नसेल तर शेवटचं उरलेलं लिंबू-सोड्यात घालून टाका, जरा मीठ घालून. वहिनींना तेच आवडतं, टॉनिकला त्या अजून औषधच म्हणतात.