एका फोटोखालच्या ओळी

न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात मी जुन्या फोटोंची नोंदणी करते. फोटो कुणाचा, कधीचा, कुठला हे शोधायचं आणि त्याखाली दोन-चार ओळी लिहायच्या. 2018 च्या ऑगस्टमध्ये ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ घरचा फोटो देणगी म्हणून घेऊन आले आणि त्या ओळींसाठी माझा सबंध दिवस गेला.

फोटोत त्यांचे वडील होते. घोड्यावर, चिलखत घालून, सांता फेच्या वार्षिक उत्सवातल्या, म्हणजे फिएस्टातल्या ‘एंत्रादा’साठी सजलेले. स्पॅनिश गव्हर्नर दिएगो दे वर्गासने 1692 मध्ये हे शहर स्पेनसाठी परत मिळवलं, त्या प्रसंगाचं हे नाट्य दर सप्टेंबरात चौकात व्हायचं. पुएब्लो लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा, त्याला बरीच वर्षं विरोध होता आणि नुकतंच, दोन्ही बाजूंच्या बोलण्यांतून, ते थांबवायचं ठरलं होतं. गृहस्थ फार दुखावलेले होते. “तीनशे वर्षांची परंपरा बंद केली,” ते म्हणाले. “लिहा, रक्ताचा थेंब न सांडता शहर परत घेतलं.”

माझी सहकारी शेजारच्या टेबलावर होती. ती उत्तरेकडच्या एका पुएब्लोतली, म्हणजे त्या लोकांच्या एका गावातली. तिने मान वर करून विचारलं, “आणि 1693?”

तिच्या प्रश्नामागे फार मोठा इतिहास आहे. 10 ऑगस्ट 1680 ला पोपे या पुढाऱ्याच्या हाकेने पुएब्लो गावं स्पॅनिश सत्तेविरुद्ध एकाच वेळी उठली. उठावाचा दिवस कळावा म्हणून गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन धावणारे गावोगाव गेले होते. सुमारे चारशे स्पॅनिश लोक मारले गेले, उरलेले दक्षिणेला एल पासोकडे पळाले. बारा वर्षांनी दे वर्गास आला तेव्हा लढाई झाली नाही, हे खरं. पण पुढच्याच वर्षी तो वसाहतकऱ्यांना घेऊन कडाक्याच्या थंडीत परतला, शहरात राहणाऱ्या पुएब्लो लोकांनी ते सोडायला नकार दिला आणि डिसेंबरअखेर युद्ध झालं. त्यानंतर सत्तर पुएब्लो पुरुषांना ठार केलं, सुमारे चारशे जणांना गुलाम म्हणून वाटून टाकलं. चौकातल्या नाट्यात 1692 दिसायचं, 1693 कधीच नाही.

गृहस्थ गप्प झाले. मला त्यांना गप्प करायचं नव्हतं. ते म्हणत होते त्या तीनशे वर्षांच्या परंपरेचं मूळ असलेल्या 1712 च्या ठरावाची प्रत मी काढली. 16 सप्टेंबर 1712 ला शहरातल्या प्रमुखांनी हुआन पाएस उर्तादोच्या घरी जमून ठरवलं, की 14 सप्टेंबर या क्रुसाच्या सणाला दरवर्षी उत्सव करायचा. त्यात काय काय आहे? आदल्या संध्याकाळची प्रार्थना, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, प्रवचन, चौकातून मिरवणूक. घोडेस्वारांचं नाट्य त्यात नाही.

ते पुष्कळ नंतरचं. 1912 मध्ये न्यू मेक्सिको राज्य झालं, रेल्वेने पर्यटक येऊ लागले. 1919 मध्ये पुराणवस्तुसंशोधक एडगर ली ह्यूएट यांच्या पुढाकाराने संग्रहालयाने फिएस्टा नव्याने उभा केला. आधी पुएब्लो, मग स्पॅनिश, मग अमेरिकन असा इतिहास त्यात क्रमाने मांडला होता. पुढे तिकीट लावल्यावर शहरातले चित्रकार चिडले आणि त्यांनी सगळ्यांसाठी फुकट असलेला आपला वेगळा धुडगूस सुरू केला. विल शस्टरने 1924 मध्ये घरामागच्या अंगणात ‘झोझोब्रा’ नावाचा उदासीचा पुतळा जाळला. 1926 पासून तो सगळ्या गावासमोर जळू लागला. आज हजारो माणसं तो जळताना होळीसारखी ओरडतात आणि कित्येकांना तीही जुनी स्पॅनिश रीत वाटते.

हे सगळं ऐकताना गृहस्थ ठरावाच्या प्रतीवर बोट फिरवत होते. मग म्हणाले, त्यांची आजी चौकातलं नाट्य पाहायला कधी गेली नाही. ती ला कोंकिस्तादोराच्या मिरवणुकीला जायची, कॅथेड्रलपासून रोझारियो चॅपलपर्यंत अनवाणी. मेरीची ही छोटी लाकडी मूर्ती 1625 मध्ये इथे आली, 1680 मध्ये पळणाऱ्यांनी ती बरोबर नेली आणि 1693 मध्ये परत आणली. मी म्हटलं, “तुमच्या घरातलं जुनं ते हे आहे. ते कुणी बंद केलेलं नाही.”

मला हे अजूनही मनापासून वाटतं. श्रद्धेचा वारसा आणि विजयाचा देखावा एकाच दोरीने बांधले, की देखाव्यावरची टीका लोकांना आजीवरची टीका वाटते. 1712 चा साधा ठराव शाळेत वाचून दाखवला असता, तर या शहरातली बरीच भांडणं निदान हळू आवाजात झाली असती.

दुपारनंतर आम्ही तिघांनी मजकूर लिहिला. वडिलांचं नाव, फिएस्टाचं साल. मग 1692 ची बोलणी आणि 1693 चं युद्ध, मेलेल्यांच्या आकड्यासह. “आकडा राहू द्या,” असं गृहस्थ स्वतःच म्हणाले. माझ्या सहकारीने एक गोष्ट सुचवली: चिलखताखालचा मखमली अंगरखा कुणी शिवला तेही लिहावं. तो त्यांच्या आईने शिवला होता, रात्री जागून. शेवटच्या ओळीत आता तिचं नाव आहे.