तात्याचं सुतक

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ‘तात्या गेला’ एवढंच टाकलं, तर पाच मिनिटांत सांगलीहून आत्याचा फोन. ‘अगं कुठले तात्या? कधी? आणि गेला काय लिहितेस, गेले म्हणावं!’ आमच्या नात्यात दोन तात्या आहेत, दोघेही ऐंशी ओलांडलेले, तेव्हा तिच्या छातीत धस्स झालं यात नवल नाही. मी म्हटलं, आत्या, आमचा बोका गं. त्यावर तिने जो सुस्कारा सोडला, तो बोरिवलीपर्यंत फोनशिवायही ऐकू आला असता. ‘हात्तिच्या, मांजर होय!’

नाव तात्या पडलं ते त्याच्या बसण्यावरून. राखाडी रंग, भरघोस मिशा, आणि जेवण झालं की भिंतीला पाठ टेकून, पोट पुढे काढून, पाय पसरून बसायचा. हातात फक्त अडकित्ता द्यायचा बाकी होता.

तो गेला अगदी अचानक. संध्याकाळी कपाटावर उडी मारून झोपला होता. रात्री अकराच्या सुमारास ओरडला. हा आवाज मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. बघते तर पुढच्या दोन पायांवर सगळं अंग ओढत माझ्याकडे येतोय, मागचे पाय फरशीवरून नुसते घासत येताहेत. ते पाय हातात घेतले तर गार. पंजाखालच्या एरवी गुलाबी असणाऱ्या गाद्या निळसर पडलेल्या. रिक्षात मांडीवर तो मध्येच घुरघुरायला लागला. मांजरं वेदनेतही घुरघुरतात हे वाचून माहीत होतं. ते आपल्या हाताला जाणवणं वेगळं.

पहाटे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. मांजरांच्या हृदयविकारांत सगळ्यात जास्त आढळणारा हाच. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते, वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं, तिथे गुठळी धरते. एखाद्या दिवशी ती सुटून महाधमनीतून खाली येते आणि मागच्या पायांकडे फाटा फुटतो त्या नाक्यावर अडकते. तोवर मांजर खातंपितं, उड्या मारतं, पडदे फाडतं. हृदयाची सोनोग्राफी केली तरच कळायचं, आणि धडधाकट बोक्याची सोनोग्राफी कोण करतं? डॉक्टरांनी हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं. ते चित्र अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मग प्रश्न आला, आता काय करायचं?

माणूस गेला की हा प्रश्न घरच्यांना पडत नाही. कोणीतरी जाणते काका येतात, फोनाफोनी सुरू होते, दहावं-तेरावं ठरतं. चूल पेटवायची नाही, देवाला हात लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही. एरवी जाच वाटणारे हे नियम त्या दिवसांत माणसाला धरून ठेवतात. मांजराला सुतक नाही. षष्ठी देवीचं वाहन म्हणून त्याला थोडा मान आहे, बाकी आपल्याकडे त्याची नोंद आडवं गेलं तरच घेतली जाते. आपल्या हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं माझी आजी सांगायची. पण ते आपणहून मेलं तर घरच्यांनी काय करायचं, यावर आजीकडेही काही नव्हतं. तिच्याकडे कोकणात मांजर माडाच्या मुळाशी पुरायचे आणि कामाला लागायचे. बोरिवलीत सातव्या मजल्यावर माड कुठून आणायचा? महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आहे, म्हणून निभावलं. नवरा एकटा जाऊन आला. आल्यावर न सांगता सरळ अंघोळीला गेला, तेव्हा मला जरा बरं वाटलं. निदान तेवढं तरी रीतीने झालं.

या बाबतीत प्राचीन इजिप्तची माणसं मला फार शहाणी वाटतात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की, तिकडे एखाद्या घरात मांजर आपल्या मरणाने मेलं, तर घरातली सगळी माणसं भुवया भादरतात. (कुत्रं मेलं तर डोकं आणि सगळं अंगच. म्हणजे श्वानप्रेमींची तेव्हाही वरचढ होतीच.) किती सोयीचं आहे हे! बिनभुवयांचं माणूस समोरून आलं की विचारायला नको, सांगायला नको. लिफ्टमध्ये कोणी ‘काय, आज चेहरा उतरलाय?’ म्हणणार नाही. आणि भुवया यायला वेळ लागतो, तेवढ्या दिवसांत ‘अजून तेच घेऊन बसलीस?’ असं म्हणायचीही कोणाची प्राज्ञा नाही.

मला मात्र ऑफिसच्या अर्जात रजेचं कारण म्हणून ‘घरगुती’ लिहावं लागलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी हो म्हटलं आणि वॉशरूममध्ये जाऊन रडून आले. ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी ‘दुसरं आण’ असा सल्ला दिला. बोलणारी माणसं वाईट नव्हती. पण मिक्सर बिघडल्यावरही ती हेच म्हणतात.

खालच्या मजल्यावरच्या जोशी आजी तेवढ्या वेगळ्या निघाल्या. तात्या त्यांच्या कुंड्यांत नको ते करायचा, म्हणून त्यांचं आमच्याशी जेमतेमच होतं. त्या दिवशी दुपारी त्यांनी दार वाजवलं आणि पिठलं-भाताचा डबा हातात ठेवला. ‘स्वयंपाक केला नसशील,’ एवढंच म्हणाल्या. बसल्याही नाहीत. सुतकाच्या घरी पाठवतात तसं पिठलं, लसूण न घातलेलं. आम्ही दोघांनी ते डब्यातूनच खाल्लं.

सवयी मात्र जाता जात नाहीत. बाहेरून आले की दार बोटभर उघडून आधी डावा पाय आत सरकवायचा, तात्या जिन्यात सटकू नये म्हणून, मग पिशवी, मग मी. परवा प्लंबरला घेऊन आले तेव्हाही तसंच केलं. तो बिचारा आपलाही पाय आधी घालून आडवा आडवा आत शिरला.

तात्याचं खाणं अर्धी पिशवी उरलं होतं. भारीतलं, ट्यूनाच्या चवीचं, याच्यासाठी खास ऑनलाइन मागवलेलं. रविवारी ते खाली पार्किंगमधल्या मांजरांना घातलं. तिघी आल्या, हुंगलं, एकीने एक दाणा तोंडात घेऊन थुंकला, आणि तिघीही शेपट्या वर करून गेटापाशी मासेवाल्या मावशींच्या टोपलीकडे चालत्या झाल्या. वॉचमन म्हणाला, ‘मॅडम, त्यांना सुकटीची सवय आहे. हे बिस्कीट तुमचा तात्याच खात होता.’

गेले तशीच टोपलीकडे आणि दहा रुपयांची सुकट घेतली.