कुऱ्हाडीवरची नक्षी कुठे थांबवायची

परवा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची छोटी हातकुऱ्हाड घडवली, आणि पहिल्यांदाच नक्षीसाठी हात आखडता घेतला. मागच्या वेळी पानावर छिन्नीने वेलबुट्टी काढत काढत पार धारेजवळ गेलो होतो, दिसायला एक नंबर, पण पाणी दिलं, म्हणजे कडक करायला तापवून तेलात बुडवलं, आणि एका खोल रेषेतूनच तडा गेला. चार दिवसांची मेहनत. खूप वाईट वाटलं.

कारण साधं आहे, खोल टोकदार रेघ असली की सगळा ताण तिथे गोळा होतो, आणि पोलाद कडक होताना तिथूनच फाटतं.

आता धारेपासून निदान दोन बोटं कोरी सोडतो, नक्षी फक्त दांड्याच्या भोकाच्या आजूबाजूला, तीही उथळ, कारण तिथलं लोखंड जाड असतं आणि मी तो भाग मऊच ठेवतो. पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला परत तापवताना धारेवर गडद पिवळा ते तपकिरी रंग आला की थांबायचं, भोकाकडे निळा झाला तरी चालतो. डेन्मार्कमधल्या मामेनच्या थडग्यात सापडलेली दहाव्या शतकातली कुऱ्हाड चांदीच्या तारेने मढवलेली आहे, अप्रतिम, पण ती बहुतेक मिरवायलाच असणार, लाकडं फोडायला नाही. मला मात्र दोन्ही हवंय.

दांडा बाभळीचा घातलाय. त्यावर कोरीव काम अजिबात नाही, हाताला फोड येतात. काल तासभर सरपण फोडलं, धार तशीच आहे.