आधी खोली वाचायची

माझा एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून भराभर टाइप करत बसायचा. त्याला दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा त्याचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलतो की मला ती नुसती खरखर वाटायची. एकदा न राहवून विचारलं, काय चाललंय? म्हणाला, "पूल ओलांडतोय. पलीकडे दोन पहारेकरी उभे आहेत. त्यातला एक खरा माणूस आहे."

मग त्याने वेग कमी केला आणि एक इअरफोन माझ्याकडे दिला. दगडी पूल, कठड्यावर दव, खाली नदीचा घोंगाट, उत्तरेकडे बंद फाटक. बाहेर जायच्या वाटा: उत्तर, दक्षिण. बस, एवढंच. चित्र नाही, संगीत नाही. तो पूल मात्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

या खेळांना मड म्हणतात. मल्टी-यूजर डंजन या नावाचं हे छोटं रूप. पहिला मड रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल या त्याच्या मित्राने तो वाढवला. म्हणजे वेब जन्माला यायच्या दहा-एक वर्षं आधीच माणसं एकाच अदृश्य जगात नुसत्या शब्दांवर एकमेकांना भेटत होती. मला याचं फार अप्रूप वाटतं. शिवाय हे खेळ अजून चालू आहेत, नव्वदच्या दशकात सुरू झालेले काही तर आजही खेळले जातात.

सुरुवात करणं सोपं आहे. खेळाचा पत्ता आणि पोर्ट नंबर, म्हणजे त्या संगणकावरच्या दाराचा क्रमांक लागतो, बऱ्याच ठिकाणी तो ४००० सारखा चार आकडी असतो. टेलनेट या दूरच्या संगणकाशी मजकुरातून बोलायच्या जुन्या साध्या सोयीनेही जोडता येतं, पण मडलेटसारखा फुकट मिळणारा क्लायंट, म्हणजे खेळाशी जोडून देणारा प्रोग्रॅम घ्या. मागचा मजकूर वर सरकवून वाचता येतो आणि तुम्ही टाइप करत असताना नवा मजकूर मध्ये घुसत नाही. एक गोष्ट आवर्जून सांगते: टेलनेटवरून पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे इथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. खेळाने सुरक्षित पोर्ट दिला असेल तर तोच घ्या.

या खेळांत प्रत्येक जागेला खोली म्हणतात, आणि दिशा टाइप केली की पुढच्या खोलीत जाता येतं. पहिल्या रात्री मी घाई केली. उत्तर, उत्तर, पूर्व, खाली. मजकूर सरसर वर जात होता आणि मी फक्त शेवटची वाटांची ओळ बघत होते. चौथ्या खोलीच्या वर्णनात स्पष्ट लिहिलं होतं की पायऱ्यांवर शेवाळ आहे आणि खालून पाण्याचा आवाज येतोय. ते मी वाचलं विहिरीत पडून मेल्यावर, मजकूर मागे सरकवून. कंदील, पोळ्यांची पुरचुंडी, सगळं प्रेतापाशी राहिलं आणि ते आणायला त्याच विहिरीत पुन्हा उतरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चौकटींची वही घेतली. एक चौकट म्हणजे एक खोली, वाट असेल तिथे रेघ, आणि चौकटीत खोलीची एकच खूण: "शेवाळ", "मोडका पाट", "घंटा". क्लायंट नकाशा आपोआप काढू शकतो, तरी पहिले काही दिवस हाताने काढा. हाताने काढायचा म्हणजे खोली वाचावीच लागते. दर वेळी लूक, म्हणजे "बघ", ही कमांड द्यायची, सगळं वाचायचं, आणि वर्णनात एखादी वस्तू आली असेल तर तिच्याकडे वेगळं बघायचं. माझ्या वहीतल्या "मोडका पाट" या चौकटीत पाटाखाली किल्ली होती. तिथून आधी दोनदा गेले होते मी.

लढायांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. समोरचा आपल्याला झेपेल का, हे विचारणारी कमांड बहुतेक खेळांत असते, ती आधी वापरा. पळून जायची कमांड पाठ ठेवा. नवख्यांसाठी गप्पांचा वेगळा चॅनल असतो, तिथे खुशाल विचारा. मला तिथे एकानेही हिडीसफिडीस केलं नाही. काही खेळांत मात्र मेलेलं पात्र कायमचं जातं, ते खेळात शिरायच्या आधीच वाचून घ्या.

मला ज्याने धरून ठेवलं ते वेगळंच आहे. मी निवडलेल्या खेळात भूमिका सोडून बोललेलं चालत नाही आणि पात्राचं वर्णन आधी चालकांकडून मंजूर करून घ्यावं लागतं. माझी इल्मा दिवे लावणारी. मी लिहिलं होतं: गूढ डोळ्यांची, पाहताक्षणी कुणालाही भुरळ घालणारी. ते परत आलं, सोबत दोन ओळी: भुरळ पडायची की नाही ते समोरच्याला ठरवू दे, तू फक्त दिसतं ते लिही.

तासभर त्या दोन ओळी डोक्यात घोळत होत्या. मग लिहिलं: ठेंगणी, खांदे किंचित पुढे झुकलेले, बाह्यांना तेलाचा वास, उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. हे मंजूर झालं. माझं इंग्रजी कामापुरतं आहे आणि बरेच जुने खेळ देवनागरी घेतच नाहीत, तरी एवढं जमलं. छोटी वाक्यं पुरतात. खरं तर छोटीच बरी.

तिसऱ्या दिवशी खेळातल्या सराईमध्ये एक म्हातारा नावाडी बसला होता. मी आत आले, कंदील खाली ठेवला. त्याने इमोट केलं, म्हणजे न बोलता कृती लिहिली: नावाडी तिच्या अंगठ्याकडे बघतो. मग बोलला: "तेल उकळताना, की वात कापताना?"

मला उत्तर माहीत नव्हतं. डाग मी बरा दिसतो म्हणून लिहिला होता. कर्सर लुकलुकत राहिला, दोनेक मिनिटं गेली असतील. नावाडी काही बोलला नाही. फक्त एक ओळ आली, तो पेल्यातलं उरलेलं ढवळतोय. मला वेळ देत होता. शेवटी टाइप केलं: "वात कापताना. त्या दिवशी घाई होती." एंटर दाबलं आणि छातीत धडधडलं, कारण त्या क्षणी इल्माला भूतकाळ मिळाला. घाई का होती, कुणाच्या घरचा दिवा होता, हे सगळं आता कुठेतरी होतं आणि मला शोधायचं होतं.

त्या म्हाताऱ्याकडे बघूनच बाकीची रीत शिकले. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं ते आपण लिहायचं नाही. "मी त्याला ढकलते आणि तो पडतो" हे चूक. "त्याला ढकलायला हात पुढे करते" इथे थांबायचं, पडायचं की सावरायचं ते त्याचं त्याने लिहायचं. आणि मला माहीत असलेलं सगळं इल्माला माहीत नसतं. याच खेळात असलेल्या माझ्या सहकाऱ्याने एकदा जेवताना बोलता बोलता सांगितलं की पुलावरचा एक पहारेकरी फितूर आहे. हे इल्माला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री ती पुलावर दिवे लावायला गेली, त्याच्याशी हसून बोलली, आणि दक्षिणेची गल्ली आज अंधारात आहे हेही त्याला सांगून बसली. मला ते टाइप करताना अवघड गेलं. तरी टाइप केलं.

सहकाऱ्याने अजून एक मदत केली. काही खेळ अक्षरांनी काढलेले नकाशे आणि चौकटी दाखवतात, ते स्क्रीन रीडरवर वाचलं की कान किटतात. बऱ्याच ठिकाणी सेटिंगमधून ते बंद करता येतं. मी बंद केलं, आणि आता कधी कधी डोळे मिटून, स्क्रीन रीडर लावून खेळते. त्याच्या वेगाच्या पावपटच जमतं, पण पायऱ्यांवरचं शेवाळ आता सुटत नाही.

परवा नावाड्याने विचारलं, वात कापायला शिकवलं कोणी. इल्मा त्याला म्हणाली, पुढच्या वेळी सांगते. शनिवारी रात्री तो सराईमध्ये असतो. वहीत मी तीन नावं लिहून ठेवली आहेत, त्यातली दोन आज खोडली.