फर्मवेअर अपडेट केलं आणि गिटारचा डास झाला

दीड वर्ष मी माझ्या गिटार प्रोसेसरच्या (गिटारचा आवाज घडवणारी पायाखालची पेटी) फर्मवेअरला, म्हणजे तिच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला, हात लावला नव्हता. आळस म्हणा, भीती म्हणा, चालतंय ना मग कशाला उगाच उकरा हे माझं सगळ्याच मशीनबाबत धोरण आहे. पण लॅपटॉपवरचं एडिटर सॉफ्टवेअर आपलं आपणच नवीन झालं आणि म्हणायला लागलं की तुमचं फर्मवेअर जुनं आहे, अपडेट केल्याशिवाय मी पॅच (साठवून ठेवलेली टोनची सेटिंग) एडिट करू देणार नाही. म्हणजे आता पॅच एडिट करायचा तर जमिनीवर मांडी घालून त्या इवल्याशा स्क्रीनवर नॉब फिरवत बसा. दोन दिवस बसलो, तिसऱ्या दिवशी गुडघे म्हणाले अपडेट कर.

आता मी स्वतःला शहाणा समजतो त्यामुळे आधी बॅकअप घेतला. म्हणजे काय केलं, तर एडिटरमध्ये पॅचची यादी दिसत होती ती सगळी सिलेक्ट केली, एक्सपोर्ट दाबलं, एक फाइल तयार झाली, तिला 'बॅकअप नवीन' असं नाव देऊन डेस्कटॉपवर टाकली. दहा सेकंदांत काम फत्ते. इतकी छोटी फाइल बघून डोक्यात पाल चुकचुकायला हवी होती, पण नाही चुकचुकली.

मग अपडेट. दोन फूटस्विच दाबून धरायचे आणि तसेच दाबून ठेवून पॉवर द्यायची, की स्क्रीनवर अपडेट मोड असं येतं. (एका हाताने अ‍ॅडाप्टर खोचत दुसऱ्या हाताने दोन स्विच दाबायचे, हे ज्याने ठरवलं त्याला तीन हात असावेत.) लॅपटॉपवर फाइल दिली, पट्टी सरकायला लागली, आणि त्रेसष्ट टक्क्यांवर थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. एक मिनिट, दोन मिनिटं. घाम. केबल काढू का, परत लावू का, हात शिवशिवत होते.

नाही काढली, आणि बरं झालं. कारण आत काय चाललेलं असतं ते कळलं की हात आपोआप मागे राहतात. फर्मवेअर फ्लॅश मेमरीत असतं, आणि फ्लॅशवर पाटीसारखं एकेक अक्षर पुसून बदलता येत नाही, तिथे आख्खा ब्लॉक आधी पुसावा लागतो आणि मग त्यावर नवीन लिहावं लागतं. म्हणजे मधला असा एक काळ असतो जेव्हा जुनं गेलेलं आहे आणि नवीन पूर्ण आलेलं नाही, नेमकी तेव्हा पॉवर गेली तर मशीनला आपण कोण हेच आठवत नाही. आणि पट्टी थांबलेली दिसते ती बऱ्याचदा ब्लॉक पुसायला वेळ लागतो म्हणून, किंवा लिहिलेलं बरोबर उतरलंय का हे मशीन परत वाचून बघतंय म्हणून. तरी अगदीच वाईट झालं तर एक आधार असतो, बूटलोडर नावाचा छोटासा प्रोग्राम वेगळ्या जागेत असतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला सहसा कोणी हात लावत नाही, ते दोन स्विच दाबून जो मोड येतो तो बहुतेक वेळा त्याचाच. त्यामुळे अर्धवट अपडेट झालेला प्रोसेसर म्हणजे मेलेला प्रोसेसर असं नसतं, बरेचदा परत त्याच मोडमध्ये जाऊन परत फाइल पाठवली की उठतो.

फाइल पाठवायची पद्धतही मजेशीर आहे. बऱ्याच मशीनमध्ये यूएसबीची केबल असली तरी आतून चाललेलं असतं ते मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायचं १९८३ सालचं स्टँडर्ड. त्यात सिसेक्स नावाचा मेसेज असतो, प्रत्येक कंपनीने आपापल्या मशीनशी खाजगीत काय बोलायचं ते बोलायला ठेवलेला. मिडीच्या डेटा बाइटमध्ये सातच बिट वापरता येतात, आठवा राखीव, त्यामुळे आठ-आठ बिटांचं फर्मवेअर सात-सातमध्ये फोडून पाठवायचं आणि पलीकडे परत जुळवायचं. जुन्या पाच पिनांच्या केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक एमबी जायला सहा मिनिटं. यूएसबीवर ते पटकन जातं, पण मधला एखादा तुकडा हरवला तर भानगड होते. म्हणून यूएसबी हब मध्ये नको, थेट लॅपटॉपला लावा, लॅपटॉपचं स्लीप बंद करा, आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडं असेल तर ते बंद करा, कारण विंडोजवर बऱ्याच ड्रायव्हरमध्ये मिडीचा पोर्ट एका वेळी एकच सॉफ्टवेअर पकडू शकतं आणि मग अपडेटर म्हणतो मशीन सापडत नाही. आणि केबल! नुसती चार्जिंगची केबल असते तिच्यात डेटाच्या तारा नसतात, हे मला माहीत असूनही मी त्या दिवशी पहिली वीस मिनिटं तसल्याच केबलशी झगडलो होतो, ते सांगायचं राहिलं.

असो. पट्टी शंभरला पोचली. सूचनेत लिहिलं होतं की आता फॅक्टरी रीसेट करा, केला. बॅकअपची फाइल इंपोर्ट केली, पॅचची नावं यादीत परत दिसायला लागली. गिटार लावली, माझा रोजचा क्रंच (थोडा फाटलेला) टोन लावला, पहिला कॉर्ड मारला.

डास. शब्दशः डास. कानात घुसणारी, पातळ, किरकिरी भुणभुण.

पुढचा तासभर मी फर्मवेअर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अँप मॉडेलची (खऱ्या अँप्लिफायरच्या नकलेची) वाट लावली, चांगलं चाललेलं बिघडवलं, वगैरे. गेन कमी कर, ट्रेबल कमी कर, प्रेझेन्स शून्यावर आण, तरी भुणभुण जाईना. शेवटी बँडमधल्या बेसवाल्याला फोनवर आवाज ऐकवला तर तो दोन सेकंदांत म्हणाला, "अरे कॅब कुठंय तुझा?"

कॅब होता. म्हणजे स्क्रीनवर कॅबचा, स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारा, ब्लॉक दिसत होता, चालू होता, त्यात 'यूझर आयआर ७' असंही लिहिलेलं होतं. फक्त सात नंबरच्या स्लॉटमध्ये काहीच नव्हतं. रीसेटमध्ये सगळे आयआर उडाले होते आणि माझ्या बॅकअपमध्ये ते कधी आलेच नव्हते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, एखाद्या स्पीकर कॅबिनेटसमोर माइक ठेवून त्या सगळ्याचा मिळून जो स्वभाव आहे तो एका छोट्या वेव्ह फाइलमध्ये पकडलेला. छोट्या म्हणजे किती, तर बऱ्याच प्रोसेसरमध्ये १०२४ किंवा २०४८ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला हिशेब केला तर एकवीस किंवा त्रेचाळीस मिलिसेकंद. पापणी लवायच्या आत संपतो. पण गिटारच्या टोनमध्ये त्याचा वाटा प्रचंड, कारण गिटारचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जवळजवळ गिळून टाकतो, आणि डिस्टॉर्शनचा कचरा नेमका तिथेच वर असतो. स्पीकर काढला की तो कचरा थेट कानात. ट्रेबल कमी करून तो जात नाही, मी करून बघितलंय, तासभर.

तर मला त्या दिवशी कळलेली गोष्ट ही की पॅच म्हणजे आवाज नाहीच. पॅच म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलंय की अमुक नंबरचं अँप घे, गेन सहा कर, सात नंबरच्या स्लॉटमधला आयआर लाव, पेडलला वाह इफेक्ट जोड. सात नंबरमध्ये काय आहे हे चिठ्ठीला माहीत नाही आणि तिला त्याचं सोयरसुतकही नाही. मी चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या आणि कपाट भंगारात दिलं होतं.

मूळ वेव्ह फाइल्स जुन्या हार्डडिस्कवर सापडल्या, पण कुठली कुठल्या स्लॉटला होती ते कोण सांगणार? चौदा-पंधरा फाइल, नावं सगळी माइकची आणि सेंटीमीटरची, आणि माझ्या डोक्यात आठवण फक्त 'तो जरा जाड वाजणारा'. दोन संध्याकाळी नुसतं लाव, ऐक, काढ. शेवटी जुन्या प्रॅक्टिसची रेकॉर्डिंग शेजारी वाजवून जुळवले. एक अजूनही चुकीचा आहे असं मला वाटतं पण तो चुकीचाच आता जास्त आवडायला लागलाय, त्यामुळे गप्प बसलोय.

हे निस्तरतोय तोवर ग्लोबल सेटिंगचं, म्हणजे सगळ्या पॅचना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगचं, प्रकरण पुढे आलं. आउटपुट लाइन लेव्हलवरून इन्स्ट्रुमेंट लेव्हलवर गेलेलं, म्हणून सगळंच हळू वाजत होतं. ग्लोबल ईक्यू सपाट झालेला. एक्स्प्रेशन पेडलचं कॅलिब्रेशन गेलेलं, त्यामुळे टाच पूर्ण खाली दाबली तरी व्हॉल्यूम शून्य होईना. आणि सगळ्यात डोक्याला शॉट म्हणजे मिडी. मी वेगळ्या फूट कंट्रोलरवरून पॅच बदलतो, इंपोर्ट करताना माझे पॅच एक घर खाली सरकले होते, त्यामुळे क्लीन दाबलं की क्रंच यायचा आणि क्रंच दाबला की भयंकर काहीतरी. त्यात प्रोग्रॅम चेंज, म्हणजे पॅच बदलायचा मिडी मेसेज, आत ० ते १२७ असा जातो आणि स्क्रीनवर मात्र १ ते १२८ दिसतं, म्हणजे एकने चुकायची सोय मुळातच करून ठेवलेली, वर माझी आणखी एकने चूक. एका वेळी तर दोन चुका एकमेकींना रद्द करून सगळं बरोबर चालायला लागलं आणि मी आणखी घाबरलो.

आता प्रत्येक मशीनचं बॅकअपचं तंत्र वेगळं असतं. हेलिक्सच्या एडिटरमध्ये पॅच एक्सपोर्ट करणं आणि पूर्ण बॅकअप घेणं हे दोन सरळ वेगळे पर्याय आहेत, पूर्ण बॅकअपमध्ये सेटलिस्ट, आयआर, ग्लोबल सगळं येतं आणि परत घालताना काय हवं ते निवडता येतं. केम्परमध्ये यूएसबी स्टिक लावून मशीनवरूनच बॅकअप होतो. फ्रॅक्टलवाले सिसेक्सच्या फाइल घेतात, बँकेप्रमाणे, म्हणजे पॅचच्या गटागटाने. बॉसच्या टोन स्टुडिओत पॅचचे लाइव्हसेट (गठ्ठे) करून ठेवायचे. स्वस्तातल्या मशीनमध्ये काही वेळा एकेक पॅच वेगळा एक्सपोर्ट करावा लागतो, शंभर पॅच असतील तर शंभर वेळा, चहा घ्या आणि बसा. तुमच्या मशीनचा 'बॅकअप' नावाचा जो बटण आहे तो नक्की काय काय उचलतो हे एकदा मॅन्युअलमध्ये बघाच, मी बघितलं नव्हतं, माझ्याच मॅन्युअलमध्ये ते स्वच्छ लिहिलेलं होतं, ही गोष्ट मी बेसवाल्याला अजून सांगितलेली नाही.

हल्ली मी असं करतो. एक फोल्डर, नावात तारीख आणि त्या वेळचं फर्मवेअर व्हर्जन, कारण नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेले पॅच जुन्यावर बहुतेक उघडत नाहीत आणि सहा महिन्यांनी कुठली फाइल कुठली हे आठवत नाही. त्यात पॅच, आयआर स्लॉटच्या नंबरने नावं बदलून (०७ पासून सुरू होणारं नाव म्हणजे सात नंबरचा स्लॉट, इतकं साधं), जुन्या फर्मवेअरची फाइल आणि त्याच्याशी जमणारा एडिटरचा इन्स्टॉलर, हे दोन्ही, कारण परत मागे यायचं झालं तर नुसतं फर्मवेअर मिळून उपयोग नाही, नवा एडिटर त्यावर पॅच एडिटच करू देत नाही. ग्लोबलच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो. आणि फॅक्टरी रीसेट करायच्या आधी बॅकअपमधला एक पॅच आणि त्याचा आयआर, दोन्ही रिकाम्या जागी परत घालून, एकमेकांना जोडून वाजवून बघतो. हे शेवटचं करायला एक मिनिट लागतं, ते एक मिनिट मी त्या दिवशी वाचवलं होतं.

बाकी अपडेटबद्दल तक्रार नाही. दोन पॅच खरंच थोडे वेगळे वाजतात, एका अँपचं मॉडेल त्यांनी नव्याने केलंय, रिलीज नोट्समध्ये तसं लिहिलंय, मिड (मधल्या फ्रिक्वेन्सी) जरा पुढे आलेत. सुरुवातीला राग आला, आता गेन अर्धा कमी करून चालवतो. डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) बंद केल्यावर विरत जाणारी शेपूट तुटायची ती आता तुटत नाही, त्या एका गोष्टीसाठीसुद्धा अपडेट वसूल आहे.

फक्त एक पॅच गेला तो गेलाच. सिलेक्ट ऑल केलं तेव्हा समोर पहिलीच बँक उघडी होती, दुसऱ्या बँकेत माझा एकच पॅच होता, सोलोचा, डॉटेड एट्थ (पाऊण ठोक्याच्या) डिलेवाला, तो त्या फाइलमध्ये आलाच नाही. मग आठवलं की बेसवाल्याला दाखवायला मी कधीतरी त्याच्या डिलेच्या पानाचा फोटो पाठवला होता. चॅट उपसून काढला. टाइम दिसतोय, फीडबॅक २८ दिसतोय, हाय कट दिसतोय, आणि मिक्सच्या आकड्यावर बरोबर माझ्याच बुटाची सावली. तीसच्या घरातलं काहीतरी आहे. सध्या ३४ वर ठेवलंय, कालच्या प्रॅक्टिसला ३१ वाटत होतं.